प्राथमिक वर्गांना गाणे शिकवताना: आधी पट्टी, मग कान, मग स्वरांची नावे

अनेक मराठी शाळांत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी संगीताचा स्वतंत्र शिक्षक नसतो. परिपाठातील राष्ट्रगीत, प्रार्थना आणि समूहगीत, तसेच कलाशिक्षणाच्या तासिकेतील गाणे हे सर्व वर्गशिक्षकच सांभाळतात. आपल्याला संगीत येत नाही, या संकोचापोटी त्यांतील बरेच जण मोबाइलवर गाणे लावून मुलांना त्याबरोबर म्हणायला सांगतात. ज्या शिक्षकाला साधे गाणे सुरात म्हणता येते आणि टाळीवर लय धरता येते, त्याला प्राथमिक वर्गाचे संगीत नीट शिकवता येते, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी रागांचे ज्ञान लागत नाही. मुलांचा गळा कोणत्या उंचीवर मोकळा होतो, मूल कसे ऐकते आणि कोणती गोष्ट कोणत्या वयात शिकवावी, याची जाण मात्र लागते. पुढील क्रम तीच जाण डोळ्यांसमोर ठेवून मांडला आहे. घरी मुलांना गाणे शिकवणाऱ्या पालकांनाही तो वापरता येईल.

वेळ आणि साहित्य

आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे गाण्यापेक्षा रोज दहा मिनिटे गाणे कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण सुराची आठवण दोन दिवसांत पुसट होते. वेळापत्रकात बदल करता येत नसेल, तर परिपाठानंतरची पाच मिनिटे आणि मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटे यासाठी राखून ठेवावीत.

साहित्य फार थोडे लागते. मोबाइलवरील तानपुऱ्याचे अ‍ॅप, आवाज वर्गभर पोहोचेल असा छोटा स्पीकर आणि एखादी खंजिरी किंवा डफ एवढे पुरते. शाळेत हार्मोनियम असेल, तर तिचा उपयोग षड्ज (गाण्याचा आधारस्वर, म्हणजे सा) देण्यासाठी आणि एखादी अवघड जागा ऐकवण्यासाठी करावा. गाणे संपेपर्यंत ती वाजवत राहू नये. हार्मोनियमच्या मोठ्या आवाजाखाली मुलांचा सूर झाकला जातो, तो जुळतो आहे की नाही हे शिक्षकाला कळत नाही, आणि शिक्षकाची नजर मुलांच्या चेहऱ्यांऐवजी पट्ट्यांवर राहते.

पहिली पायरी: मुलांची पट्टी शोधणे

शालेय संगीतातील बहुतेक अडचणी येथेच सुरू होतात, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. पट्टी म्हणजे गाण्याचा सा ज्या उंचीवर धरतो ती उंची. हार्मोनियमच्या एका सप्तकातील काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून मोजून ती ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ अशी सांगतात. मोठी माणसे स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाणे सुरू करतात. पुरुष शिक्षक बहुधा काळी एकच्या आसपास गातात आणि शिक्षिका काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. शिक्षिकेच्या काळी चारमध्ये गाणे मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातील प पर्यंत, उतरले, तर त्या जागी पहिलीच्या मुलाचा आवाज नाहीसाच होतो. मग वर्गाचे गाणे क्षीण ऐकू येते आणि शिक्षक सांगतात, ‘जोरात म्हणा.’ मुले जोर लावतात. गाण्याचा आवाज बाजूला पडून मैदानावर हाक मारण्याचा आवाज सुरू होतो, आणि त्या आवाजात सूर सापडत नाही. ही मुले बेसूर आहेत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पट्टी तपासणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांचा गळा साधारणपणे मधल्या सप्तकातील पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे सुमारे २९४ ते ४४० हर्ट्झच्या टप्प्यात, सहज चालतो. तिसरी ते पाचवीत हा टप्पा खाली पांढरी एकपर्यंत आणि वर पुढच्या सप्तकातील पांढरी दोनपर्यंत वाढतो. मोबाइलवरील ट्यूनर अ‍ॅपमध्ये हे आकडे दिसतात, त्यामुळे हार्मोनियम नसली तरी उंची तपासता येते.

गाणे निवडले की त्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधावा, आणि हे दोन्ही स्वर वरील टप्प्यात बसतील असा षड्ज ठरवावा. चाल सा ते प एवढ्यातच फिरत असेल, तर पहिलीच्या वर्गासाठी पांढरी दोन ही उत्तम पट्टी आहे. अनेक आरत्या आणि भजने मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरतात. अशा चालींसाठी मुलांचा षड्ज बराच वर, पांढरी चार किंवा पांढरी पाचवर घ्यावा लागतो. पूर्ण सप्तकाच्या गाण्याला पांढरी एक किंवा काळी एक योग्य ठरते.

राष्ट्रगीत हे याचे रोजचे उदाहरण आहे. त्याची चाल मंद्र निषादापर्यंत (खालच्या सप्तकातील नि) उतरते आणि शेवटच्या ‘जय हे’मध्ये तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातील सा) चढते, म्हणजे ती एका सप्तकाहून थोडी अधिक जागा व्यापते. मधल्या सप्तकातील काळी एकवर षड्ज ठेवला, तर दोन्ही टोके तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या आवाक्यात राहतात. परिपाठात षड्ज न देता कोणीतरी अंदाजाने सुरुवात करते, आणि त्यामुळे राष्ट्रगीत एके दिवशी घोगरे आणि दुसऱ्या दिवशी किंचाळल्यासारखे होते. सुरुवातीपूर्वी पाच सेकंद तानपुरा किंवा हार्मोनियमचा सूर ऐकवला, तर आठवड्याभरात फरक जाणवतो. राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनास सुमारे ५२ सेकंद लागतात. तेव्हा घड्याळ लावून लयही तपासून घ्यावी, कारण बहुतेक शाळांत ती रेंगाळते.

पुरुष शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचा षड्ज मुलांच्या षड्जापेक्षा एक सप्तक खाली असतो. बरीच मुले आपोआप वरचे सप्तक धरतात, पण काही मुले शिक्षकाचा खालचा सूर धरण्याचा प्रयत्न करतात आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढतात. अशा वेळी ज्याचा सूर स्वच्छ आहे अशा एखाद्या विद्यार्थ्याला ओळ म्हणायला सांगावी आणि इतरांनी त्याच्यामागून म्हणावे. एका मुलाचा सूर दुसऱ्या मुलाला चटकन सापडतो.

पट्टी चुकली की मुलांकडे पाहूनच ते कळते. वरच्या स्वरावर हनुवटी उचलली जाते, मानेच्या शिरा ताणल्या जातात, खांदे वर जातात. खालच्या स्वरावर ओठ हलतात, पण आवाज येत नाही. अशी लक्षणे दिसताच गाणे थांबवून षड्ज बदलावा.

दुसरी पायरी: ऐकून उत्तर देणे

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ण गाणे शिकवण्याची घाई करू नये. तानपुरा चालू ठेवून शिक्षकाने दोन-तीन स्वरांचा छोटा तुकडा म्हणावा आणि मुलांनी तो परत म्हणावा. सुरुवातीला प आणि ग हे दोनच स्वर घ्यावेत. मुले खेळताना एकमेकांना लांबून हाक मारतात, तेव्हा बहुधा याच अंतराने आवाज खाली आणतात, त्यामुळे हे स्वर त्यांना सर्वांत सोपे जातात.

हजेरी हे यासाठी उत्तम साधन आहे. शिक्षकाने प आणि ग यांवर ‘सई कुठे आहे?’ असे गाऊन विचारावे आणि सईने त्याच स्वरांवर ‘इथे आहे’ असे उत्तर द्यावे. रोज दहाच मुलांना विचारले, तरी चाळीस मुलांच्या वर्गात चार दिवसांत प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे ऐकून होतो. समूहगायनात लपून राहिलेली अडचण अशी लवकर ध्यानात येते, आणि आपली परीक्षा चालली आहे असे मुलाला वाटतही नाही. कोणाचा स्वर जुळला आणि कोणाचा नाही, याची खूण वहीत करून ठेवावी. मुलांसमोर मात्र त्यावर काहीही बोलू नये.

याच काळात ‘मुकी ओळ’ हा खेळ सुरू करावा. परिचित गाण्याची पहिली ओळ सर्वांनी मोठ्याने म्हणायची, शिक्षकाने मूठ मिटताच दुसरी ओळ मनातल्या मनात म्हणायची, आणि मूठ उघडताच तिसरी ओळ पुन्हा मोठ्याने सुरू करायची. सर्व जण एकाच क्षणी आणि एकाच सुरावर परतले, तर सूर आणि लय दोन्ही मुलांच्या मनात चालू होते असे समजावे. पुढील सर्व शिक्षण या मनातल्या ऐकण्यावर उभे राहते.

तिसरी पायरी: लय

लय आधी शरीरात यावी आणि नंतर तालाच्या नावांकडे जावे. मुलांना मैदानावर किंवा बाकांमधून डफाच्या ठोक्यावर चालायला सांगावे. लहान मुलांची नैसर्गिक चाल मोठ्यांपेक्षा जलद असते, म्हणून मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास सुरुवात करावी आणि हळूहळू लय कमी करावी. संथ लय स्थिर धरणे मुलांना जलद लयीपेक्षा अवघड जाते.

त्यानंतर एका मात्रेत, म्हणजे एका ठोक्याच्या वेळात, किती अक्षरे बसतात, याचा सराव घ्यावा. टाळी स्थिर ठेवून प्रत्येक टाळीला ‘भात’ म्हणायचे, मग तेवढ्याच वेळात ‘वां-गी’, मग ‘ब-टा-टा’, आणि शेवटी ‘पु-रण-पो-ळी’. एक, दोन, तीन आणि चार अशी मात्रेची विभागणी पहिलीतील मुलेही हसतखेळत करतात. अर्धा वर्ग ‘भात’ म्हणत असताना उरलेल्या वर्गाने ‘बटाटा’ म्हणायचे, हा त्यापुढचा टप्पा आहे.

तालांपैकी दादरा आणि केरवा हे दोन पुरेसे आहेत. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत मोजाव्यात: पहिल्या मात्रेला टाळी आणि चौथीला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता नुसता तळहात उघडणे. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीला टाळी आणि पाचवीला ‘खाली’ येते. ‘धा धी ना, धा ती ना’ हे बोल तोंडाने म्हणत हाताने ताल दाखवण्याचा सराव रोज दोन मिनिटे घ्यावा. त्रितालाच्या सोळा मात्रा चौथी-पाचवीत घेता येतात. ज्या शाळेत लेझीम आहे, तेथे लेझमीचे हात आणि पावले यांतून मुलांना समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) जाणीव फार लवकर होते. त्यामुळे शारीरिक शिक्षणाचे आणि संगीताचे शिक्षक यांनी हा भाग मिळून घ्यावा.

चौथी पायरी: गाणे बसवणे

नवे गाणे पहिल्या दिवशी मुलांनी फक्त ऐकावे. शिक्षकाने ते पूर्ण म्हणावे आणि त्याआधी एक प्रश्न द्यावा, जसे की कोणता शब्द सर्वांत जास्त वेळा आला, किंवा कोणती ओळ सर्वांत वर गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न देऊन पुन्हा म्हणावे. अवघड शब्दांचा अर्थ याच वेळी सांगून टाकावा, कारण न समजलेला शब्द मूल स्वतःच्या मनाने बदलून म्हणते आणि तो बदल नंतर जाता जात नाही.

तिसऱ्या दिवसापासून एकेक तुकडा घ्यावा. शिक्षक म्हणत असताना मुले गप्प, आणि मुले म्हणत असताना शिक्षक गप्प, हा नियम कटाक्षाने पाळावा. शिक्षक मुलांबरोबर गात राहिले, तर मुले त्यांच्या आवाजाच्या आधाराने चालतात आणि शिक्षकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो. दोन तुकडे पक्के झाले की ते जोडावेत. श्वास कोठे घ्यायचा हे ठरवून फळ्यावरील शब्दांमध्ये खूण करावी, म्हणजे शब्द मध्येच तुटत नाहीत.

उच्चारांकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे. ‘ळ’ आणि ‘ण’ स्पष्ट यावेत, ‘चांदोबा’मधला आणि ‘चिमणी’मधला च वेगळा ऐकू यावा. ज्या मुलांची घरची भाषा मराठी नाही, त्यांनाही हे उच्चार बोलण्यापेक्षा गाण्यातून लवकर जमतात.

कडवे संपल्यावर तानपुरा मोठा करून सूर उतरला आहे का ते मुलांनाच ऐकायला सांगावे. मुलांचा सूर हळूहळू खाली सरकतो, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. थकवा, संथ लय आणि वाकून बसणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. उभे करून पुन्हा म्हणायला लावले, तर बहुधा सूर सावरतो.

तयार संगीताच्या ध्वनिमुद्रणावर गाणे बसवायचे असेल, तर ते मुद्रण बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या पट्टीत असते, हे ध्यानात ठेवावे. पट्टी बदलणारी अ‍ॅप सहज मिळतात, तेव्हा मुलांच्या सोयीनुसार ती बदलून घ्यावी.

सूर न जुळणारी मुले

या विषयावर मला आग्रहाने लिहायचे आहे. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ‘तू नुसते ओठ हलव’ असे ज्या मुलाला सांगितले जाते, ते मूल पुष्कळदा आयुष्यभर गात नाही. सहा-सात वर्षांच्या अनेक मुलांचा सूर अजून स्थिर झालेला नसतो, आणि योग्य सराव मिळाला तर त्यांतील बहुतेकांचा सूर पुढील दोन-तीन वर्षांत जुळू लागतो. मागच्या रांगेत बसवणे, गटातून वगळणे किंवा ‘बेसूर’ म्हणणे यांमुळे नेमका हा सरावच बंद पडतो.

अडचण काय आहे हे आधी ओळखावे. काही मुले गाण्याचे शब्द बोलण्याच्याच आवाजात म्हणतात, कारण गाण्याचा आवाज वेगळा असतो हे त्यांना उमगलेले नसते. त्यांच्याकडून रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर आणि वरून खाली काढून घ्यावा, घुबडाचा ‘हू’ म्हणून घ्यावा. या खेळात आवाज वर जातो आणि मुलाला स्वतःच्या गळ्यातील नवी जागा सापडते.

काही मुले गातात, पण दिलेल्या स्वरापासून दूर राहतात. त्यांच्याबाबतीत क्रम उलटा करावा. मुलाने त्याला हवा तो स्वर लावावा आणि शिक्षकाने आपला स्वर त्याला जुळवावा. दोन आवाज एक झाले की कसे वाटते, हे मूल प्रथमच अनुभवते. त्यानंतर शिक्षकाने त्या स्वरापासून किंचित वर सरकावे आणि मुलाला बरोबर यायला सांगावे. हा सराव एकट्याने, दोन-तीन मिनिटे आणि इतर मुले दुसऱ्या कामात असताना घ्यावा. वर्गात गाताना अशा मुलाला सूर पक्का असलेल्या दोन मुलांच्या मध्ये उभे करावे.

काही मुले केवळ लाजतात. त्यांना बाहुलीच्या तोंडून गायला सांगितले किंवा जोडीने गायला लावले, तर ती मोकळी होतात. एखादे मूल प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावत असेल किंवा सर्दीनंतर त्याचा प्रतिसाद कमी झाला असेल, तर पालकांना कानाची तपासणी करून घेण्यास सुचवावे. तसेच एखाद्या मुलाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर त्याला गाण्यातून विश्रांती द्यावी आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवण्यास सांगावे. सतत ओरडण्यामुळे लहान मुलांच्याही स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात.

पाचवी पायरी: स्वरांची नावे आणि लेखन

आपल्याकडे गाण्याच्या शिकवणीची सुरुवात बहुधा पहिल्याच दिवशी सात स्वरांच्या आरोह-अवरोहाने होते. गुरूसमोर एकट्याने बसलेल्या शिष्यासाठी ही पद्धत योग्य आहे. चाळीस मुलांच्या वर्गात मात्र सारेगमपधनि हा पाढ्यासारखा पाठ होतो आणि नावे तोंडात राहून स्वर कानात उतरत नाहीत. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीत वर्गात, अनेक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून शिकवण्याचा मार्ग रुंद केला. तेव्हापासून चालत आलेल्या या सामूहिक शिक्षणात, सर्वांत लहान मुलांसाठी आधी कान आणि मग नाव हा क्रम आपण काळजीपूर्वक जपला पाहिजे. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांनीही गळा आणि लोकगीते यांनाच शालेय संगीताचा पाया मानले. आपली सरगम तर कोणताही षड्ज धरून चालते, त्यामुळे मुलांच्या पट्टीत शिकवण्याची सोय आपल्या पद्धतीत मुळातच आहे.

तिसरीत नावे सुरू करावीत. हजेरीत गायलेल्या दोन स्वरांना प्रथम प आणि ग अशी नावे द्यावीत, मग सा जोडावा, नंतर रे आणि ध. या पाच स्वरांत भूप हा राग तयार होतो. त्यात जवळजवळचे अर्धे अंतर कोठेच नसल्याने मुलांचा सूर सहसा घसरत नाही. ‘सारेग, रेगप, गपध, पधसां’ असे अलंकार (ठरावीक क्रमाने पुढे सरकणारे स्वरांचे तुकडे) हाताची उंची बदलत म्हणून घ्यावेत. म आणि नि पुढच्या वर्षी घ्यावेत, आणि कोमल-तीव्र (किंचित उतरलेल्या आणि चढलेल्या) स्वरांची ओळख पाचवीत केवळ ऐकवून करून द्यावी.

लेखनासाठी चौकटींची वही वापरावी आणि एका चौकटीत एक मात्रा लिहावी. भातखंडे स्वरलेखन पद्धतीनुसार मंद्र स्वराच्या खाली आणि तार स्वराच्या वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ एवढ्या खुणा पुरतात. शिक्षकाने तीन-चार स्वरांचा तुकडा ‘आ’कारात म्हणावा आणि मुलांनी तो चौकटीत लिहावा. हा सराव शुद्धलेखनाइतकाच नियमित असावा.

वाद्ये आणि गाण्यांची निवड

टाळ, चिपळ्या, टिपऱ्या, खंजिरी आणि घुंगरू एवढ्यांवर सुंदर साथ होते. एका वेळी वर्गातील सात-आठ मुलांनीच वाद्य वाजवावे आणि बाकीच्यांनी गावे, नाहीतर गाणे ऐकूच येत नाही. चिनी मातीच्या वाट्यांत कमी-अधिक पाणी भरून जलतरंग करावा. पाणी वाढवले की स्वर खाली जातो, हे मुलांनी स्वतः करून पाहिले, तर विज्ञानाचा एक पाठही होतो. ज्या मुलाला कमी ऐकू येते, त्याने डफावर किंवा लाकडी बाकावर तळहात ठेवला, तर त्याला लय कंपनांतून कळते.

गाणी निवडताना परिसराकडे पाहावे. भोंडल्याची आणि भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, गोव्यातील फुगडीची गाणी यांच्या चाली थोड्या स्वरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात आणि हातापायांची हालचाल मूळचीच असते, म्हणून ती पहिली-दुसरीला फार अनुकूल आहेत. मुलांनी घरच्या आजीकडून अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोंकणी गाणे शिकून यावे आणि वर्गाला शिकवावे, असा उपक्रम वर्षातून दोनदा तरी करावा. मोठ्यांची भावगीते आणि चित्रपटगीते यांची झेप बहुधा एका सप्तकाहून अधिक असते, तेव्हा ती सहसा घेऊ नयेत.

प्रगती पाहणे आणि परीक्षा

वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची तीन मिनिटांची नोंद करावी: तीन स्वरांचा तुकडा परत म्हणता येतो का, टाळी धरून चार ओळी म्हणता येतात का, आणि परिचित गाणे दिलेल्या षड्जावर स्वतः सुरू करता येते का. गुणांऐवजी ‘जमते’, ‘जमू लागले आहे’ आणि ‘अजून सराव हवा’ अशा तीन नोंदी पुरेशा आहेत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या संगीत परीक्षेला मुलाला केव्हा बसवावे, असे पालक विचारतात. वयापेक्षा तयारी पाहावी. मूल तानपुऱ्यावर एकट्याने, कोणाच्या आवाजाच्या आधाराशिवाय गाऊ शकते का, दिलेल्या तालाचे ठेके हाताने धरून बोल म्हणू शकते का, आणि अनोळखी अलंकाराचे पहिले दोन तुकडे ऐकून पुढचे स्वतः म्हणू शकते का, हे घरी तपासून पाहावे. यांतील एखादी गोष्ट कच्ची असेल, तर अर्ज पुढच्या सत्रासाठी ठेवावा आणि तोपर्यंत त्या एकाच गोष्टीचा रोज दहा मिनिटे सराव घ्यावा.